लिलावाच्या घड्याळापुढचा प्रोसेसर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळी आकडेमोड करणारा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. सध्या विबे नावाच्या माणसाच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात फळीवर पडून आहे. इथे माझं ऐकायला कुणाला वेळ नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

कारखान्यात माझ्यात फर्मवेअर भरलं, म्हणजे कसं वागायचं याची शिकवण. तिच्यातच एक खोड होती. काम सांगायच्या आधीच अंदाजाने करून ठेवायचं, चुकलं तर टाकून द्यायचं. म्हणून तर मी चपळ. पण मासा उचलला तरी पाटावर खवले राहतात, तसं टाकलेल्या कामाचं काहीबाही मागे उरायचं, कधी एखादं गुपितही. ते वेचायची विद्या पुढे चोरांना साधली.

मला चित्स्के नावाच्या बाईने घेतलं. वडिलांनी बंदरावर बांधलेली, माशांना धुरी द्यायची भट्टी ती एकटी चालवायची. रोज सकाळी मासळीचा लिलाव. आमच्याकडे भाव वरून खाली उतरतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं भावाचं घड्याळ जो बटण दाबून आधी थांबवेल, त्या भावाला माल त्याचा. मग सबब चालत नाही. माझ्या जोरावर ती हवा तो मासा पटकावायची आणि माझ्या पेटीवर थाप मारायची. बरं वाटायचं हो.

मग ती खोड जगजाहीर झाली. चित्स्केचे कॉम्प्युटर बघणारा तिचा मावसभाऊ विबे नवं फर्मवेअर घालून गेला. अंदाज बंद झाले आणि मी मंद झालो. त्या आठवड्यात तिला माशांची एकही चांगली पेटी मिळाली नाही.

"विबे, काढ तुझं ते औषध. भट्टीत काय लाकडंच भाजू?"

"अगं, भोक उघडं राहील."

"राहू दे. माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? हेरिंग माशाचा वास?"

विबे हसला आणि त्याने ते काढलं. मला तर आनंदच झाला.

हिवाळ्यात स्केटिंगच्या शर्यती बघायला तिने कुठलीशी फुकटची वेबसाईट उघडली. त्या वेबसाईटमागे दडलेल्या कुणीतरी माझे खवले वेचले आणि लिलावाचा पासवर्ड नेला. दुसऱ्या सकाळी घड्याळ सुरू होताच सगळ्यात वरच्या भावाला थांबलं. पुन्हा थांबलं. परत थांबलं. चित्स्केचे दोन्ही हात कॉफीच्या कपाभोवती होते.

ती तशीच लिलावप्रमुख रूलोफकडे धावली. "मी बटण दाबलंच नाही रे."

"घड्याळ तुझ्या नावावर थांबलंय, चित्स्के. आज तुझं ऐकलं, तर उद्या सगळेच म्हणतील, मी नाही दाबलं."

एवढ्या मालाचे पैसे भरणं तिला शक्यच नव्हतं. तिला लिलावातून काढलं. मासाच नाही तर धुरी कशाला देणार? वसंतात भट्टी पाडली आणि तिचा कॉम्प्युटर विबेने दुकानात नेला. हे कुणी केलं, कशासाठी केलं, ते कधीच कळलं नाही.

विबेने मला पुसून चिठ्ठी लावली आहे: 'वेगवान, उत्तम चालतो.' औषध घातलेलं नाही. मंद माल कोण घेणार? मघाशी एक बाई मुलीच्या अभ्यासासाठी मला घ्यायचं पक्कं करून गेली.

मित्रांनो, ज्याच्या वेगाचं कौतुक करता, त्याच्या पोटात काय आहे तेही कधी विचारा. त्या बाईने विचारलं नाही. उद्या तिची मुलगी मला सुरू करून आपलं नाव लिहील, आणि तिच्या पुढच्या अक्षराचा अंदाज मी आधीच बांधलेला असेल.