पूर्वीचा हात आणि रुसलेला बाण

पुनावळ्याच्या समाजमंदिरात त्या दुपारी चपला ठेवायला जागा उरली नव्हती. बायकांच्या मोफत कॉम्प्युटर वर्गातली मंडळी होतीच, शिवाय पहिली शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता इकडे वळलेले पुरुषही होते. मधोमध टेबलावर लॅपटॉप, त्यावर भगवं उपरणं, आणि उपरण्याखाली दोन्ही हात घालून बसलेले स्पर्शनाथ महाराज!

"डोळे मिटा!" महाराज गरजले. "जो उघडेल त्याच्या घरचे मोबाइलसुद्धा आंधळे होतील! चार्जर काढा, वीज शक्तीला अडवतेय. ॐ ह्रीं क्लीं बाणाय चल चल फट्!"

देवाच्या नाही, पण मोबाइलच्या भीतीनं सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. दोनेक मिनिटांनी महाराजांनी उपरणं झटक्यात ओढलं, टचपॅडवर बोट फिरवलं, आणि आदल्या दिवसापासून मेल्यागत पडलेला पडद्यावरचा बाण तुरुतुरु पळायला लागला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

डोळे न मिटलेली एकच बाई तिथे होती, कस्तुराताई. चाकणच्या एका कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी माल तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्या या वर्गात आल्या, पण प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. पातळ उपरण्यातून त्यांना दिसलं होतं, की पडद्याचा उजेड आधी पार विझला आणि मग पुन्हा उजळला. मंत्र म्हटला म्हणून मशीन कशाला बंद व्हावं?

पण महाराजांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"दोष मशीनचा नाही, हाताचा आहे," महाराज म्हणाले आणि त्यांनी बोट रोखलं ते पूर्वीकडे.

पूर्वी ही दुर्गाबाईंची सून. तिनं तीन दिवसांत तीन लॅपटॉप बदलले, आणि तिन्हींचे टचपॅड बंद पडले होते. वर्ग घेणाऱ्या मृदुलानं माउस जोडला, तर मशीन झकास चालायचं. म्हणजे मशीन ठणठणीत आणि राग काय तो पूर्वीच्या बोटांवर! महाराजांना बोलावून आणलं होतं ते दुर्गाबाईंनीच.

"मला वाटतच हुतं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून हितं यायचं न्हाई."

"आत्या, शनिवारी परीक्षा आहे. पास झाले तर नोकरी लागेल."

"आन् तिथली मशिनं बंद पाडशील? न्हाई म्हणजे न्हाई!"

 सगळ्यांसमोर पूर्वीनं आपले हात पदराखाली घेतले. कस्तुराताईंना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या तासभर आधीच हजर झाल्या. "मृदुला, पूर्वी असं काय करते, जे बाकीच्या करत नाहीत?"

मृदुला विचारात पडली. "काही नाही हो. पावणेचारला पोरीला स्कूलबसवरून आणायला पळते तेवढंच. झाकण मिटते नि जाते. बाकीच्या पाचपर्यंत हलत नाहीत, आणि मग मी त्यांची मशीन रीतसर बंद करते. पूर्वीचं मिटलेलं, ते तसंच राहतं."

कस्तुराताईंनी आपला लॅपटॉप सुरू करून त्याचं झाकण मिटलं, उघडलं. बाण ठप्प! शेजारच्या लॅपटॉपचं मिटलं, त्याचाही ठप्प. मग उपरण्याखाली विझलेला पडदा आठवून त्यांनी चालू-बंदचं बटण दाबून धरलं. पडदा विझला, तरी त्यांनी बोट काढलं नाही. अर्ध्या मिनिटानं मशीन पुन्हा सुरू केलं, तर बाण जागा!

मृदुलानं लगेच लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या इंजिनिअरनं निमूट कबूल केलं, की टचपॅडच्या आत एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. गेल्या आठवड्यात त्याची नवी आवृत्ती पाठवली, ती सदोष निघाली. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. झाकण उघडल्यावर तो उठतो, पण टचपॅड उठतच नाही. मशीन पूर्ण बंद करून सुरू केलं तरच उठतं. दुरुस्ती आठ दिवसांत येईल.

गुरुवारी महाराज सगळ्या मशीनची शुद्धी करायला पुन्हा आले. गर्दी दुप्पट. हातांची शुद्धी करून घ्यायला दुर्गाबाई पूर्वीलाही घेऊन आल्या होत्या. कस्तुराताई हात जोडून पुढे झाल्या.

"महाराज, आमचे हात काही खरे नाहीत. तुमच्या पवित्र हातानं हे झाकण एकदा मिटा नि उघडा."

महाराजांनी मोठ्या थाटात मिटलं, उघडलं, बोट फिरवलं. बाण ढिम्म! बोट धोतराला पुसून त्यांनी पुन्हा फिरवलं.

"आता हा कुणाचा हात म्हणायचा?" कस्तुराताईंनी विचारलं. सगळा हॉल खो खो हसला.

"इथे नास्तिक लहरी आहेत!"

"असू देत. पूर्वी, ये गं. उपरणं नको, डोळे उघडे ठेव. हे बटण दाबून धर, आणि मंत्र काय येईल तो म्हण."

पूर्वी घाबरत पुढे आली. बटण दाबून म्हणायला लागली, "अर्धा किलो भेंडी... पाव किलो मिरची... कोथिंबिरीची एक जुडी..." पडदा विझला, पुन्हा उजळला. पूर्वीनं बोट फिरवलं आणि बाण पळाला.

मागून एक कामगार ओरडला, "अरे भावा, हा तर चाकणच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसायचा! माझा अडकलेला फोन यानं असाच बटण दाबून चालू केला होता!"

महाराजांनी उपरणं उचललं आणि चपलांच्या ढिगातून हाती लागल्या त्या घालून ते चालते झाले. त्यातली एक चप्पल लेडीज होती.

दुर्गाबाई खाली बघत म्हणाल्या, "आमाला काय कळतंय त्या मशिनीतलं?"

"मलाही कळत नव्हतं, दुर्गाबाई. त्यात लाज कसली? जे कळत नाही ते करून बघायचं, जाणत्याला विचारायचं. मी झाकण मिटून पाहिलं, एवढंच केलं. तेवढं तुम्हीही करू शकला असतात. पण आपण मशीन तपासायचं सोडून घरातल्या पोरीला शापित ठरवून मोकळे झालो."

 दुर्गाबाईंनी सुनेचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

"शनिवारी किती वाजता हाय गं परीक्षा?" त्यांनी विचारलं.