मुरलेलं पाणी

साहेबाने गोलपोस्टपाशी उकिडवं बसून अंगठा मातीत दाबला, तेव्हा मनोहररावांची छाती बोटभर फुगली. दाबा म्हणावं, हवं तेवढं दाबा! वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या या काळ्या, चिकट जमिनीवर सहा वर्षांपूर्वी त्यांनी खाली मुरूम, वर वाळू आणि त्यावर शेणखत मिसळलेली माती असे थर घातले होते. सेलूच्या मळ्यात मेथी-कोथिंबिरीचे वाफे काढणाऱ्या घरातला माणूस. पाण्याला वाट कशी करून द्यायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि ज्या हरळीशी बापजाद्यांनी उभा जन्म वैर केलं, तीच हरळी त्यांनी इथे जिवापाड जपून वाढवली. तिच्यावर धाम एफसीचा संघ खेळे, आणि त्या संघात डाव्या बाजूला त्यांचा पोरगा आदेश.

साहेब लीगचा होता, पार दक्षिणेकडचा. मराठी येत नव्हती, हिंदीही जेमतेम. कारभार सगळा इंग्रजीत. संघाच्या मालकाला बिऱ्हाड पुण्याला हलवायचं होतं. तिथे मोठं स्टेडियम, टीव्हीचे कॅमेरे, जाहिराती. पण वर्ध्याचं मैदान खेळण्याजोगं नाही, असं लीगने लिहून दिल्याशिवाय संघ हलणार नव्हता. सगळं या साहेबाच्या कागदावर येऊन अडलं होतं. म्हणून तर सकाळपासून कुंपणापलीकडे दीडदोनशे माणसं ताटकळत उभी होती.

साहेबाने काहीतरी विचारलं. दुभाष्याचं काम आदेशकडे होतं.

"बाबा, पावसात ग्राउंडचं काय होते म्हन्ते."

"सांग त्याले, पानी मुरते. केवढाई पडू दे! दोन घंट्यात सारं मुरते."

 हातातल्या बाटलीचं झाकण आदेशने उघडलं, पुन्हा लावलं. मग इंग्रजीत भराभरा बोलून गेला. साहेबाने मान हलवून लिहून घेतलं. लेक कसा फाडफाड बोलतो, या कौतुकात मनोहरराव नुसते हसत उभे राहिले.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. कॉलेजात जाणाऱ्या उज्ज्वलाने तो मोबाइलवर वाचून वडिलांना मराठीत सांगायला घेतला. मैदान अयोग्य, संघाला पुण्याला जायची परवानगी. कारण सांगताना मात्र ती अडखळली.

"सांग ना माय!"

"लेहलं आहे का, मैदान सांभाळनाऱ्या मानसानं सोताच सांगतलं. पाऊस पडला का पानी साचते, दोन दिवस निंघत नाई."

"मी? मी काऊन तसं सांगीन?"

"दादाले शब्द नसन सुचला, बाबा. मुरते हे इंग्रजीत सांगाचं म्हनलं त कठीनच आहे."

असेल बुवा, मनोहररावांनी मनाची समजूत घातली. पाणी आत जातं की आत राहतं, परक्या भाषेत पोराचा घोटाळा झाला असेल. पण रात्री जेवताना घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला. घंट्याचे दिवस कसे झाले? ते तर तिसरीतल्या लेकरालाही कळतं. आणि मग आठवलं, मागच्याच महिन्यात आदेश जेवता जेवता म्हणाला होता: संघ पुण्याला गेला तर तीन वर्षांचा करार, नाही गेला तर हा हंगाम शेवटचा. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.  मनोहररावांनी ताट बाजूला सारलं.

रविवारी बापूराव मैदानावर आले. निवृत्त मास्तर, संघाच्या चाहत्यांचे पुढारी. सोबत पन्नासेक माणसं आणि हातात कोरा कागद.

"मनोहरराव, आपन लीगले लेहून देऊ. तुमचं म्हननं कोनी उलटं सांगतलं असन त तसं बोला. ते दुसरा साहेब पाठवतीन. टीम आपली इथंच राह्यते, पक्कं! बोला, काय म्हनलं होतं तुमी?"

आदेश कठड्याला टेकून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. सराव अजून सुरूही झाला नव्हता, पण त्याची मान घामाने थबथबली होती.

मनोहररावांनी त्या मानेकडे पाहिलं. खरं बोललं तर संघ राहील. आणि पोरगा? खोटारडा म्हणून एकदा नाव झालं की त्याला ना पुणं, ना वर्धा. 

"तेच म्हनलं होतं," ते म्हणाले. "पानी साचते म्हनलं. दोन दिवस."

 बापूरावांनी पेनाला टोपण लावलं. तीस वर्षांच्या ओळखीत 'मनोहरराव, तुमी' याखेरीज त्यांच्या तोंडून दुसरं काही निघालं नव्हतं.

"तुले जमिनीतलं काई समजत नोयतं," ते म्हणाले, "त तोंड कायले उघडलं बे?"

माणसं पांगली. जाता जाता कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. जमिनीवरून मनोहररावांना आजवर कुणी बोललं नव्हतं. ते फार लागलं. ते पाण्याचा पाइप गुंडाळायला वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

आदेश जवळ आला. 

"बाबा, तुमीई चाला पुन्याले. मी मॅनेजरसंग बोलतो. तिथं ग्राउंडवर मानूस लागतेच."

"पागल झाला का?" मनोहरराव म्हणाले. रागाने नाही, थकून. "तो कागद त्यायनंई वाचला असन. दोन दिवस पानी साचू देनाऱ्या मानसाले कोन ठेवीन, बेटा?"

आदेश तिथेच उभा राहिला.

"जाय," ते म्हणाले. "सीटी वाजली."