बटण फिरे, काटा फिरेना

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे, मित्रांनो. मिठबावला गुरुदासांच्या पडवीत खुंटीला टांगलेला असतो. माझा चामड्याचा अंगरखा फाटलाय, कडी एका बाजूने तुटलीय, आणि खरं सांगू का, मी दमलोय. येणारे-जाणारे 'अजून आहे का हा?' म्हणून माझं कौतुक करतात आणि चहा प्यायला आत जातात. कौतुकाने सेल भरत नाहीत.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या. एकीने काटा ओढणारा बारीक दोरा चाकांवरून ओवला आणि मला पुढे सरकवलं. माझं खरं आयुष्य सुरू झालं मालवणच्या बाजारात. सुरमईचा हंगाम चांगला गेला होता आणि तरुण गुरुदास मासळी विकून तसेच दुकानात शिरले होते. त्यांच्या हाताच्या वासाने दुकानदाराने नाक मुरडलं. मी मात्र त्या हातात गेलो तो कायमचा.

त्यांनी मला पिशवीत गुंडाळून होडीवर नेलं. हवामानाचा इशारा मीच सांगायचो. एकदा मी वादळ सांगितलं, होड्या वाळूवर राहिल्या आणि वादळ काही आलं नाही. सगळा किनारा माझ्यावर तुटून पडला. तेव्हा गुरुदास म्हणाले, "तो नुसतो सांगता. ठरवता काय तो?" इतकी बाजू माझी पुन्हा कुणी घेतली नाही. बिघडलो तरी दुकानात नव्हे, त्यांच्याच मांडीवर दुरुस्त व्हायचो.

पुढे ज्याच्या-त्याच्या खिशात मोबाइल आला आणि मला विचारणारे कमी झाले. त्याचं मला वाईट वाटलं, पण ते जगरहाटीला धरून होतं. वाईट झालं ते वेगळंच. काचबिंदूने गुरुदासांची नजर नेली. कुठली गोळी, किती वाजले, दारात कोण आलंय, सगळं दुसऱ्याला विचारायचं. मोबाइल म्हणजे त्यांच्या बोटांना नुसती गुळगुळीत काच. कुणाला न विचारता चालवता येईल अशी घरात एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे मी. डावं बटण आवाजाचं, उजवं केंद्राचं. त्यांची बोटं ते जाणत होती.

आणि नेमका मीच दगा दिला. बटण फिरे, काटा फिरेना. एका जागी अडकून मी नुसता खरखरत राहिलो. सुनेने, समीक्षाने, मला कुडाळला नेलं. तिथल्या दुकानदाराने उघडूनही न बघता सांगितलं, की याचे भाग मिळत नाहीत. मग अजयने, त्यांच्या मुलाने, मुंबईहून बोलून चालणारा स्पीकर पाठवला. त्याला मालवणी कळेना. गुरुदास बिचारे कचेरीत बोलल्यासारखे त्याला म्हणायचे, "कृपया भजन लावा." एके दिवशी त्याने केक करायची कृती सांगितली.

"सगळ्यांका इचारून जगतंय," गुरुदास म्हणाले, "आता डब्याकय इचारू? आयकान तर माझ्या हातान लावन आयकान. नायतर नको."

त्यानंतर ते पडवीत यायचेच बंद झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्याची धास्ती बसली. मी खुंटीवरून बघत होतो आणि मलाच अपराध्यासारखं वाटत होतं.

एका दुपारी लक्ष्मीबाईंनी मला खाली काढलं, पेचकस शोधला, गुरुदासांना पडवीत आणून बसवलं आणि दोन्ही त्यांच्या मांडीवर ठेवलं. "डोळे माझे, हात तुमचे. उघडा."

पाठ उघडली आणि गुरुदासांनी नाक जवळ आणलं. "गो, हेच्यात खोबरेल कसा इला?"

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मियाच घातलंय. दर मिरगाआधी कोयतो, आडाळो, कुलपा, सगळ्या लोखंडाक लायतंय. नायतर खारो वारो खाता. म्हटलंय, तुमच्या रेडिओक कित्याक सोडू?"

"आनि माका सांगूक नाय?"

"तुमी वरडला आसतास."

त्यांनी प्रेमानेच केलं होतं, मित्रांनो. पण माझ्या पोटातला दोरा त्या तेलाने माखला आणि चाकावरून नुसता घसरत राहिला. दोन वर्षं मी म्हातारपणाला बोल लावला, आणि दोष होता तेलाचा. लक्ष्मीबाई मान खाली घालून बसल्या. गुरुदासांनी चाकावरचं तेल बोटाने चाचपून पाहिलं.

"तुझ्या तेलान माझे केस रवले नाय," ते म्हणाले, "रेडिओ खंयचो रवतलो? कापूस हाड."

चाकं पुसून झाली. नवा दोरा कुठून आणायचा? मासेमारीची नायलॉनची दोरी बांधून पाहिली, तीही घसरली. मग गुरुदासांना माळ्यावरच्या जुन्या सुती जाळ्याची आठवण झाली. सुताचा पीळ चाकाला धरून राहतो. जन्मभर जाळी विणलेल्या बोटांना गाठ मारायला उजेड लागत नव्हता, पण दोरा कुठल्या चाकावरून कुठे जातो ते लक्ष्मीबाईंना सांगावं लागत होतं. "वयर. आता धाकट्या चाकावरसून." दोरा सुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. "माका नाय जमाचा," त्या कुरकुरल्या. "जमतला. दम घे," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या अंगावर ठिबकत होता. मीही थकलो होतो. एकदा वाटलं, सोडून द्या मला.

अखेर सेल बसले. गुरुदासांनी उजवं बटण फिरवलं आणि माझा काटा हलला. पण नुसती खरखर. माझ्या पट्टीवर आता केंद्रांची पूर्वीसारखी गर्दी राहिलेली नाही. ते पुढे गेले, मागे आले, परत पुढे गेले. आवाज ऐकून समीक्षा ओल्या हातांनीच बाहेर आली. "हाडा बाबा, मी लायतंय."

लक्ष्मीबाईंनी तिचा हात धरला. "रवांदे. तेंका गावतला."

मित्रांनो, आम्हा जुन्यांना पुसता, तेल लावता, जपता, त्याबद्दल आम्ही उपकार मानतो. पण तुमच्या घरात कुणी असं चाचपडत असेल, तर चटकन हात घालू नका. त्याच्या हातून होणार असेल ते त्याच्याच हातून होऊ द्या, वेळ लागला तरी.

वेळ लागलाच. मग खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला. ती हवामान सांगत होती. गुरुदासांनी डावं बटण थोडं फिरवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग, कुणी विचारलं नसताना, ते समीक्षाला म्हणाले, "गो, कपडे भायर घाल. आज पाऊस नाय."

समीक्षाने आत वाळत घातलेले कपडे काढले आणि निमूटपणे अंगणातल्या खळ्यात नेऊन घातले.