कुलगुरूच्या बोटातली अंगठी

सेनेटर एवारिस्तो त्या मंगळवारी सकाळी सान ख्रिस्पिनच्या बाजारात शिरला आणि सरळ दोन्या बासिलियाच्या, म्हणजे बासिलियाबाईच्या, बाकावर येऊन बसला. निवडणूक नव्हती, सण नव्हता, कोणी मेलंही नव्हतं. त्यामुळे समोर बटाटे विकणारी खुस्ता हातातला तराजू तसाच धरून बघत राहिली.

"कोमाद्रे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "राजधानीत सगळं मिळतं, तुमच्या हातची आपी मिळत नाही. द्या एक पेला."

तेवढ्यानेच बासिलियाची मान वीतभर वर गेली. जांभळ्या मक्याची दाट, गरम आपी आणि आत चीज घालून तळलेल्या फुगीर करंज्या, एवढंच ती चाळीस वर्षं विकत आली होती. शाळेत तिसरीपर्यंत गेलेली बाई, पण तिने एकुलत्या एका पोराला, रोमुलोला, शिकवून विद्यापीठाचा कुलगुरू केलं होतं. बाजारात हे ज्याला ठाऊक नसेल त्याला ती पेल्याबरोबर ऐकवायची. आणि धर्मबाप पोराच्या आईला म्हणतो तसं सेनेटर तिला कोमाद्रे म्हणायचा, कारण रोमुलोच्या पदवीचा तो धर्मबाप. सव्वीस वर्षांपूर्वी भरल्या सभेत मंचावर चढून त्यानेच रोमुलोच्या बोटात पदवीची सोन्याची अंगठी घातली होती. अंगठी घातली की तो माणूस घरचा झाला. त्याला दारातून रिकामं पाठवायचं नसतं.

दोन करंज्या खाऊन सेनेटरने बोटं पुसली आणि आवाज खाली आणला.

"कोमाद्रे, सत्तरी ओलांडली मी. रस्त्यांना माझं नाव आहे, पुलाला आहे. पण डोक्यावर ती डॉक्टरची टोपी काही चढली नाही. मानद असली तरी चालेल. तुमच्या लेकाच्या हातात आहे, आणि तो मला टाळतो. माझी लाज वाटते का हो त्याला?"

"माझ्या रोमुलोला? तुमची?" बासिलिया म्हणाली. "झालं समजा."

तो गेल्यावर खुस्ताने विचारलंच. "काय म्हणत होता गं मोठा माणूस?"

"तुझे बटाटे सडके आहेत म्हणत होता," बासिलिया म्हणाली आणि दिवसभर खुशीत करंज्या तळत राहिली.

रविवारी रोमुलो नेहमीसारखा आईकडे शेंगदाण्याचं सूप प्यायला आला. तिने वाटी पुढे ठेवली आणि वाफ जिरायच्या आत विषय काढला. त्याने चमचा खाली ठेवला.

"आई, तो गव्हर्नर होता तेव्हा दोन वर्षं विद्यापीठाचा निधी अडवून ठेवला त्याने. शेतकी शाळेची जमीन गेली. आज तिथे त्याच्या पुतण्याच्या विटभट्ट्या आहेत. पोरं मला फाडून खातील."

"अंगठी घालून घेताना विटभट्ट्या नाही आठवल्या?"

"तेव्हा भट्ट्या नव्हत्या. आणि मी तेव्हाही म्हणालो होतो, मास्तरांना बोलावू."

"मास्तर! कोपराला ठिगळ लावलेला मास्तर! ते ठिगळ मंचावर चढवायचं होतं का, सगळ्या गावासमोर?"

मास्तर म्हणजे सेलेस्तिनो. रोमुलोला सहा वर्षं फुकट गणित शिकवलेला म्हातारा. अंगठी त्याने घालावी हे रोमुलोच्या मनात होतं. पण एवारिस्तो तेव्हा नवा नगराध्यक्ष होता, त्याच्याकडे गाडी होती, आणि बासिलिया स्वतः त्याच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

"आई, हे सोड."

"सोडते. उद्या बाजारात त्याने विचारलं, कोमाद्रे, काय झालं, तर सांगते, माझा लेक मोठा झाला, आता धर्मबापालाही ओळखत नाही. माझंही ऐकत नाही म्हणून सांगते. चाळीस वर्षं हात भाजून घेतले ते याच्यासाठीच, म्हणते."

रोमुलो कितीतरी वेळ बोटातली अंगठी फिरवत बसला. पन्नाशीला टेकलेला माणूस, अर्धं डोकं पांढरं, पण आईसमोर बसला की खांदे आत घ्यायचा. "बरं," तो शेवटी म्हणाला. "पण हे तुझ्यामाझ्यात राहू दे. तुझं नाव नको यात यायला."

हे शेवटचं वाक्य बासिलियाने नीट ऐकलंच नाही. 'बरं' ऐकलं आणि वाटीत आणखी एक पळी वाढली.

विद्यापीठाच्या सभेत मतं बरोबरीत पडली. कुलगुरूने आपलं जास्तीचं मत टाकलं आणि ठराव झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, तिसऱ्या दिवशी भिंती रंगल्या. 'कुलगुरू विकणे आहे.' 'डॉक्टर विटभट्टी.' कोणी म्हणे रोमुलोने घर घेतलं, कोणी म्हणे राजधानीत खुर्ची कबूल करून घेतली. निवृत्त प्राध्यापकांनी पत्रक काढलं. विद्यार्थ्यांनी फाटकाशी चूल मांडली आणि तिथेच जेवू लागले. त्यांत रोमुलोची मुलगी नाइराही होती.

आणि सेलेस्तिनो मास्तरने विद्यापीठाने दिलेलं सेवेचं पदक एका जुन्या मोज्यात घालून शिपायाच्या टेबलावर परत नेऊन ठेवलं. पत्र नाही, भाषण नाही, काही नाही.

बाजारात खुस्ताला तर सणच आला. "दोन्या बासिलिया, आता पेल्याचा भाव वाढवा. कुलगुरूचा भाव वाढलाय म्हणतात."

"माझ्या पोराने कोणाची कवडी घेतलेली नाही!"

"मग काय पदवी फुकट दिली? फुकट देणारा तर त्याहून मूर्ख गं!"

चाळीस वर्षांत खुस्ताला उत्तर द्यायला बासिलियाला कधी श्वास घ्यावा लागला नव्हता. आता उत्तर जिभेवर होतं, खरं होतं, आणि तेच देता येत नव्हतं. पोराने काय घेतलं? काही नाही. का दिलं मग? आईने मागितलं म्हणून. एवढं म्हटलं की लेक सुटला असता. पण म्हणायचं म्हणजे चाळीस वर्षं पेल्यापेल्याने गावाला पाजलेली गोष्ट आपल्या हाताने ओतून द्यायची. शहाण्या लेकाची आई म्हणून जी मान वर केली ती खाली घालायची. ती नुसतीच झारा आपटत राहिली.

मास्तर त्या आठवड्यातही रोज सकाळी सातला आला. बाकाच्या टोकाला बसला, पेला दोन्ही हातांत धरून प्यायला. शुक्रवारी जाताना म्हणाला, "दोन्या, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. रोमुलो तसला नाही. मी ओळखतो त्याला. कोणीतरी त्याचा हात पिरगाळलेला आहे."

बासिलियाने ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि भरलेल्या पेल्यात पुन्हा आपी ओतली. ती बाकावरून ओघळून म्हाताऱ्याच्या बुटांवर पडली.

शनिवारी नाइरा आली. नखांत लाल रंग, डोळे सुजलेले. बापाशी बोलणं टाकलं होतं तिने. "आजी, तू तरी खरं सांग. बाबांनी किती घेतले?"

एवढीशी असल्यापासून या पोरीला तिने पाठीवर बांधून बाजारात आणलेलं. तिला सांगायला काय हरकत होती?

"मोठ्यांच्या कामात तोंड घालू नये," बासिलिया म्हणाली. "हात धू. रंगाचे हात घेऊन खाऊ नकोस." नाइराने करंजी तशीच ठेवली आणि उठून गेली.

समारंभाच्या दिवशी बासिलियाने चुण्यांचा जांभळा घेरदार पोयेरा घागरा नेसला, खांद्यावर झालरीची शाल घेतली, उंच पांढरी टोपी चढवली आणि हातात रंगीत कागदाच्या चुऱ्याची पिशवी धरली. सत्कारमूर्तीच्या डोक्यावर तो चुरा टाकायचा मान कोमाद्रेचा. आठ दिवसांपूर्वी याच मानासाठी तिने नवी टोपी घेतली होती.

फाटकाशी पोरं मांडी ठोकून बसली होती. तिला बघून त्यांनी वाट दिली. बाईमाणूस, वयस्कर. ती अर्ध्यात पोचली तेव्हा मागून कोणीतरी, मोठ्याने नाही, सहज बोलल्यासारखं म्हणालं, "विकाऊ कुलगुरूची आई."

ती थांबली. पुढच्याच रांगेत नाइरा होती, आणि ती मान खाली घालून होती. कोण म्हणालं हे नाइराने बघितलंसुद्धा नाही, जणू खरंच होतं ते.

"माझा लेक विकलेला नाही!" बासिलिया ओरडली. बाजारात हाळी घालणारा गळा तो, आतल्या सभागृहापर्यंत गेला असेल. "पैसा घेतला नाही, घर घेतलं नाही. तो नकोच म्हणत होता. मी सांगितलं म्हणून केलं. मी! मी म्हटलं, धर्मबापाला नाही म्हणायचं नाही, म्हणून केलं!"

बासिलियाला वाटलं, झालं. सुटलं माझं पोर. बोललं की संपतं, असं तिला वाटलं होतं.

मग एक लांबुडक्या मानेचा मुलगा खरोखरच आश्चर्याने म्हणाला, "म्हणजे... आईने सांगितलं म्हणून?"

आणि हसू फुटलं. आधी एक, मग दहा, मग सगळं फाटक. "दोन्या, मलाही एक डॉक्टरेट!" "दोन करंज्यांवर एक पदवी!" "कुलगुरूंनी आज सूप संपवलं का?" आठ दिवस रागाने लाल झालेली पोरं पोट धरून हसत होती. फक्त नाइरा हसत नव्हती. तिने हातातला फलक तोंडापुढे धरला होता.

बासिलिया परत फिरू शकली असती. पण परत जायला त्याच हसण्यातून जावं लागलं असतं. म्हणून ती पुढे गेली. आत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मंचावर काळा झगा घातलेला रोमुलो मानपत्र वाचत होता आणि खिडक्यांतून तालावर आवाज येत होता, "करंजी दे, पदवी घे! करंजी दे, पदवी घे!" रोमुलोला आधी कळलं नाही. मग कळलं. वाचता वाचता त्याने मान वर करून आईकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. शाळेत कोणी चिडवलं की तो जसा बघायचा, तसा बघितला.

सेनेटरच्या डोक्यावर टोपी बसली. त्याने हसून हाक मारली, "या कोमाद्रे!" आणि ती गेली. त्याच पायांनी मंच चढली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर रंगीत चुरा टाकला. एक कपटा त्याच्या ओठाला चिकटला. तो त्याने जिभेने उडवला.

दुपारी रोमुलो बाजारात आला. बाकावर बसला नाही. उभ्याउभ्याच बोटातली अंगठी ओढून काढली. सव्वीस वर्षांनी ती सहज निघेना, कातडी सोलली. खाली बोटाला पांढरा पट्टा.

"लबाड म्हणत होते, आई, तेवढं मी सोसलं असतं," तो म्हणाला. "लबाड माणसाला निदान घाबरतात. आता मला बघून पोरं हसतात. तुला म्हटलं होतं, तुझ्यामाझ्यात राहू दे."

"मला वाटलं, तुझं नाव..."

"हो. तुला नेहमीच वाटतं." त्याने अंगठी पेल्यांच्या ताटात ठेवली. "ही तू मागितली होतीस. तूच बघ काय करायचं ते."

राजीनामा त्याने दिला नाही. कोणी मागितलाही नाही. चोर म्हणत होते तेव्हा मागत होते; आईचं ऐकणाऱ्याकडून काय मागायचं? फाटकाशी मांडलेली चूल दुसऱ्या दिवशी उठली. भिंतींवरचे रागाचे शब्द कोणी पुसले नाहीत, पण त्यांच्याखाली करंज्यांची चित्रं आली.

सोमवारी सकाळी सातला मास्तर बाकाच्या टोकाला येऊन बसला. बासिलियाने पेला भरला. या वेळी थेंबही सांडू दिला नाही. मग जे फाटकाशी हाळी घालून सांगितलं होतं ते तिने पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं, आणि त्याच्या मागचं, जुनं, तेही.

"मास्तर, पिरगाळणारा हात माझा होता. आणि अंगठी... ती तुमच्या हातून घालायची होती त्याला. तो म्हणाला होता. मी नाही म्हटलं."

मास्तर प्यायचा थांबला नाही. अर्धा पेला झाल्यावर म्हणाला, "माहीत आहे."

"रोमुलो बोलला?"

"नाही हो. तो कसला बोलतोय." म्हाताऱ्याने मिशीची आपी पुसली. "मला वाटलं होतं तुम्ही याल बोलवायला. म्हणून तेव्हा नवा कोट शिवून घेतला होता. हा कोपराला गेला होता ना." त्याने अंगातल्या कोटाची बाही जराशी वर केली. तोच होता, ठिगळावर ठिगळ. "नवा तसाच आहे ट्रंकेत. घालायला काही निमित्तच नाही झालं."

बासिलियाने शाल तोंडाला लावली. समोरून खुस्ता बघत होती, तिच्या कानावर सगळं गेलेलं होतं. सगळा बाजार आता खुस्ताच्या टोमण्याची वाट बघणार, हे बासिलियाला कळलं. खुस्ताच्या जागी ती असती तर तिनेही सोडलं नसतं.

पण खुस्ताने मान फिरवली. पाठ करून उभी राहिली आणि एकही गिऱ्हाईक नसताना घसा ताणून ओरडायला लागली, "बटाटे! ताजे बटाटे! इकडे बघा, इकडे!" सगळ्या बाजाराने तिकडेच बघावं म्हणून ओरडत राहिली, बासिलियाने शालीआड डोळे पुसून होईपर्यंत.