बाबांच्या गाडीतला फोन

माझे सासरे माझ्याशी बोलत नाहीत, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ताडलं. "बाबा, चहा ठेवू का?" म्हटलं की ते वर्तमानपत्राचं पान उलटायचे. "बाबा, पंखा बंद करू का?" म्हटलं की चष्मा पुसायचे. तेच माझ्या नवऱ्याने त्याच्या भरड्या आवाजात विचारलं की लगेच, "हो, कर." म्हणजे कान शाबूत होते, सुनेला उत्तर देणं तेवढं जिवावर येत होतं. सुरुवातीला मी गोड बोलून पाहिलं. मग म्हटलं, गेलात खड्ड्यात. त्यानंतर मी त्यांच्यासमोर बसूनच, माझ्या नेहमीच्या बारीक आवाजात, मनात येईल ते बोलायला लागले. "बसा असेच पुतळ्यासारखे. कावळे येतील डोक्यावर." ते ढिम्म. आणि एवढं बोलूनही ज्याला राग येत नाही, त्या माणसाचा राग दुप्पट येतो.

त्यांचा सगळा जीव गॅरेजातल्या गाडीत. लांबलचक, काळी, आतून लाकूड आणि कातडं. सिमेंट कंपनीच्या मोठ्या साहेबाची ती गाडी बाबांनी निवृत्त होताना पदरात पाडून घेतली होती. मी कॉलेजात होते तेव्हा ती नवी असणार. दोन सीटांच्या मधल्या हातटेकणीत गुंडाळीच्या वायरीचा एक फोनसुद्धा होता, केव्हाच मेलेला. गुडघ्यांमुळे बाबांचं गाडी चालवणं बंद झालं होतं, पण पुसणं चालू होतं. तिच्यासाठी वेगळं मऊ फडकं होतं. त्या फडक्याने मी एकदा शिलाई मशीन पुसलं, तेव्हा त्यांनी मशीनकडे असं पाहिलं, जणू ते चोरीचं होतं.

मी पडदे शिवते. मोठमोठ्या हॉलचे, कार्यालयांचे, ताग्यांनी कापड येतं. ते सगळं जेवणाच्या टेबलावर बेतायचं, जेवायची वेळ झाली की गुंडाळायचं, जेवण झालं की पुन्हा पसरायचं. वरणाचा डाग पडला की पट्टी फुकट. गॅरेजला रुंद दार होतं, भरपूर उजेड होता, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बेतायचं टेबल बसेल एवढी जागा होती. त्या जागेवर माझा डोळा होता, हे मी लपवत नाही.

शेवटी नवऱ्याने गिऱ्हाईक शोधलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "विका. हल्ली मी चालवतो कुठे?" आणि फडकं घेऊन खाली गेले. गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. त्यांना गाडी इतकी आवडली की त्यांनी तिच्या दिव्यांवरून हात फिरवला. मग आत बसून म्हणाले, "ब्लूटूथ नाही?" हातात फोन धरून गाडी चालवताना ते दोनदा पकडले गेले होते आणि तिसऱ्यांदा बायको सोडवायला येणार नव्हती. "हात न लावता फोनवर बोलता येईल असं करून द्या, पुढच्या आठवड्यात घेऊन जातो."

मग वायरिंगवाला आला. "जुन्या गाडीला हे बसत नाही म्हणतात ते गाढव असतात," हे त्याचं पहिलं वाक्य. बाबा स्टूल टाकून शेजारी बसले. "लाकडाला एक भोक पाडलंस तर तुझ्या डोक्याला पाडेन." भोक पाडायची गरज नव्हती. जुन्या फोनचा डबा डिकीत होता. तो काढून तिथेच नवा डबा जोडायचा, माइक तर छताच्या दिव्यापाशी गाडीच्या कंपनीनेच देऊन ठेवलेला. अर्ध्या तासाचं काम. त्याने डबा बदलला, किल्ली फिरवली, आणि गाडीतला रेडिओसुद्धा बंद पडला.

झालं असं की या गाडीतले आवाजाचे सगळे डबे एका साखळीत जोडलेले. एकाचं जोडकाम कच्चं राहिलं की सगळे संपावर. वायरिंगवाल्याने कंपनीला शिव्या दिल्या, गाडीला दिल्या, आणि त्या कमी पडल्या तेव्हा स्वतःच्या सासूलाही दिल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याने अर्धी डिकी बाहेर काढली होती. शेवटी त्याच्याच हाताने बसवलेला प्लग पुरता बसला नव्हता असं निघालं. खट् झालं आणि रेडिओ एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातून कात्री पडली.

"वहिनी, आजोबांचा मोबाइल गाडीला जोडलाय!" तो ओरडला. "घरातून लावून बघा!"

मी स्वयंपाकघरातून लावला. "हॅलो, बाबा. ऐकू येतंय का?"

"येतंय की."

"चहा ठेवू?"

"ठेव. साखर कमी घाल. काल पाक केला होतास."

मी फोनकडे बघत राहिले. तक्रार होती, पण माझ्याशी होती. मग डोक्यात प्रकाश पडला की बाहेरचा माणूस शेजारी बसलाय ना, त्याच्यापुढे सुनेशी बोलून दाखवताहेत. चहात मुद्दाम नेहमीएवढीच साखर घातली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गॅरेजातच राहायला गेले. उभ्या गाडीत बसायचे, आवाज पूर्ण वाढवायचे आणि आत्यांना फोन लावायचे. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. पूर्वी तिचा फोन आला की ते "तू बोल" म्हणून नवऱ्याच्या हातात द्यायचे. तिनेही मग कंटाळून फोन करणं सोडलं होतं. आता दोघं तास तास खिदळत होती. विकायच्या गाडीत हा संसार कशाला, म्हणून मी चिडून जेवायला बोलवायला गेले. दारात उभी राहून दोनदा हाक मारली. बाबा समोर काचेतून बघत बसले. मी घरात परत आले आणि रागारागाने फोन लावला.

"आलो, आलो," बाबा म्हणाले. "एवढी काय घाई?"

मी तशीच उलट गेले. ते आता गाडीबाहेर येऊन बॉनेट पुसत होते, माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, "बाबा, गाडीला आग लागलीय." फडकं फिरत राहिलं. तेवढ्यात फाटकातून नवरा गरजला, "बाबा, वरची किल्ली कुठेय?"

"खुंटीला!"

मी तिथेच कोपऱ्यातल्या जुन्या टायरावर बसले. रात्री नवऱ्याला म्हटलं, बाबांना ऐकू येत नाही.

"छे," नवरा म्हणाला, "माझं सगळं ऐकतात."

"तुझा आवाज ट्रकसारखा आहे. माझा ऐकू येत नाही. आत्यांचा येत नाही. बारीक आवाज पोचतच नाही त्यांच्यापर्यंत. गाडीत चारी बाजूंनी कानात ओततात, तेव्हा कुठे पोचतो."

"मग त्यांना तसं सांगायचं कोणी? त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरने नुसतं वय विचारलं तर उठून आले." त्याने डोकं खाजवलं. "आधी गाडी जाऊ दे. मग बघू."

गाडी गेली की गॅरेज माझं. टेबलाची मापंसुद्धा सुताराला देऊन झाली होती. आणि गाडी गेली की बाबा पुन्हा वर्तमानपत्रामागे, आत्या पुन्हा गप्प. मला गॅरेज हवं होतं. हे समजल्यावरही हवंच होतं, आणि त्याची मला चीड येत होती.

ठरल्या दिवशी दातांचे डॉक्टर आले. ते स्टिअरिंगपाशी बसले, बाबा शेजारी. मांडीवर गाडीची कागदपत्रं, त्यावर जादाची किल्ली, त्यावर फडकं. नवरा गॅरेजच्या दारात. मी स्वयंपाकघरातून फोन लावायचा, आवाज येतो का विचारायचं आणि ठेवायचा, एवढंच माझं काम होतं.

"हॅलो," मी म्हटलं. "आवाज येतोय?"

"एकदम स्पष्ट," डॉक्टर म्हणाले. "वा! छानच."

"बाबा, तुम्हाला?"

"येतोय."

"गाडीत येतो. घरात येत नाही तुम्हाला माझा आवाज. लग्न होऊन आल्यापासून मी बोलतेय आणि तुम्ही उत्तर देत नाही. मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही. फार वाईट वाटायचं हो."

गाडीत कोणीतरी घसा साफ केला. ते डॉक्टर असावेत.

"तू बोलायचीस?" बाबांनी विचारलं.

"रोज."

"मला वाटायचं, तूच अबोला धरलायस. नुसते ओठ हलवायचीस. म्हटलं, शिव्या देत असेल."

"त्या नंतर. आधी चांगलं बोलायचे."

मग एक आवाज आला, तो मला पटकन ओळखता आला नाही, कारण बाबांचं हसू मी इतक्या जवळून कधी ऐकलंच नव्हतं. हसता हसता ते खोकले.

"डॉक्टर," बाबा म्हणाले, "तुम्ही दातांचे. कानांचा कोणी आहे ओळखीचा?"

"आहे ना. आमच्याच मजल्यावर बसतो. पण... ही गाडी?"

"घ्या की. तुमचीच आहे. फक्त आधी माझ्या कानाचं काहीतरी बसवून होऊ दे, तोवर इथे राहू दे. आणि तुम्ही जरा खाली उतरता का? आमचं घरातलं बोलणं चाललंय."

दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

"हं," बाबा म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग. काय काय बोलायचीस?"

एवढी वर्षं तोंडाचा पट्टा चालवणारी मी आता ओढणी शोधत होते. डोळे भरून आले होते, नाक गळत होतं आणि ती सापडत नव्हती. "थांबा," मी कसंबसं म्हटलं, "तिकडेच येते."

"येऊ नकोस!" बाबा ओरडले. "इथे आलीस तर ऐकू येणार नाही. तिथूनच बोल."