मोहने स्टँडवरचा नंबर

मायाने राबिटाचं पोतं रिक्षातून ओढून खड्ड्याच्या तोंडाशी आणलं, तेवढ्यात महिपतने त्यावर पाय ठेवला.

"तुझं नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. बाजूला घे."

मोहने स्टँडची ही जुनी रीत. गणपतीआधीच्या रविवारी रिक्षावाल्यांनीच स्टँडपासून उतारापर्यंतचे खड्डे भरायचे. कुठल्यातरी पाडलेल्या चाळीचं राबिट, विटा-प्लास्टरचा चुरा, पोत्यांतून आणायचं, ओतायचं, धुम्मसाने चोपायचं. ज्याचं पोतं खड्ड्यात पडलं, त्याला वर्षभर रांगेत नंबर. महिपत स्टँडचा अध्यक्ष. त्याला निवडलं कोणी हे कोणालाच आठवत नव्हतं, पण शब्द त्याचा चालायचा.

मायाला तो नंबर हवाच होता. तिची रिक्षा बॅटरीवरची. भाडं शोधत गल्लोगल्ली फिरलं की बॅटरी दुपारीच मान टाकायची, आणि उरलेला दिवस चार्जरच्या वायरकडे बघत बसायचं. रांगेत उभं राहून भाडं मिळालं तरच गाडी परवडणार होती. कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडून तिने रिक्षा घेतली होती, ती काही दारात शोभेला नव्हे.

"बघ माया," सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने महिपत म्हणाला, "आम्ही गॅस भरतो, त्यात टॅक्स भरतो. बॅटरीच्या गाडीला परमिट लागत नाही, रोड टॅक्स लागत नाही. घरी प्लग लावला की झालं. रस्त्याला तू काय देतेस? मग रस्ता तुझा कसा?"

मायाची कानशिलं तापली.

"रस्ता तुमच्या टॅक्समधून होतो ना? मग तुम्ही राबिट कशाला टाकताय?"

चोपणाऱ्याचे हात थांबले. कोणीतरी उगाच खोकलं.

"आणि मी द्यायला आले तर त्यावर पाय ठेवता. घ्यायचं पण नाही, आणि देत नाही म्हणून बोंब पण मारायची!"

संदेश मान खाली घालून फावडं ओढत राहिला. तो तिच्याच चाळीतला, भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्यानेही तोंड उघडलं नाही, याचा तिला महिपतपेक्षा जास्त राग आला. पोतं तिथेच टाकून ती निघाली. संध्याकाळी त्याच रस्त्याने परतताना पाहिलं, तर पोतं रिकामं होऊन कडेला पडलं होतं. राबिट तेवढं चाललं यांना. माणूस चालला नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी पंपावरचा गॅस बंद झाला. कोणी म्हणे पाइपलाइन फुटली, कोणी म्हणे समुद्रात जहाजच अडकलं. दूर कुठल्या देशात भांडण झालं तर मोहन्याला काय त्याचं, असं कालपर्यंत सगळ्यांना वाटत होतं. आता पंपावर रिक्षांची रांग लागली आणि स्टँड ओस पडला. मखराचं सामान, फळं, फुलांच्या पिशव्या घेऊन माणसं ताटकळली. शेवटी महिपतचाच फोन आला.

"ये गं बाई. माणसं आम्हाला शिव्या घालतायत."

माया गेली. माणसांवर तिचा राग नव्हता. चहाच्या टपरीवरून वायर घेऊन मध्येमध्ये चार्ज करत तिने अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारल्या. पहाटेकडे पंपावर गॅस आला.

सकाळी तिने रिक्षा आणली ती सरळ स्टँडच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे लावली. महिपत चहाचा ग्लास घेऊन हसत आला.

"काल लाज राखलीस हां. घे, चहा घे. आणि गाडी जरा भिंतीकडे घे."

"कशाला?"

"रांगेत नको गं. अडीअडचणीला तू आहेसच की."

मायाच्या डोक्यात सणक गेली. अडलं की फोन करायचा, आणि भागलं की भिंतीकडे! तिने ग्लासाला हात लावला नाही.

"माझं राबिट त्या खड्ड्यात आहे," ती म्हणाली. "तुमच्याच माणसांनी ओतलंय. काढून द्या, मी जाते."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"काढून द्या ना."

पुढच्या रिक्षांमधून माना वळल्या. तेवढ्यात पाहुण्यांकडे दर्शनाला निघालेल्या रंगूबाई, नारळाची पिशवी सांभाळत, अख्खी रांग ओलांडून मायाच्या रिक्षाशी आल्या.

"चल गं पोरी. काल तूच सोडलंस मला. मी तुझ्यातच बसणार."

"मावशी, पहिल्या रिक्षात बसा."

"अगं, मी स्वतःहून बसतेय ना!"

"माझा नंबर नाही अजून," माया म्हणाली. "यायचाय."

रंगूबाई पुटपुटत पुढे गेल्या. पहिली रिक्षा भरली, सुटली. मागच्या एकेक करून पुढे सरकल्या. मायानेही गाडी सुरू केली आणि एक जागा पुढे घेतली. महिपत ग्लास धरून तिथेच उभा होता.

आरशात तिला स्टेशनकडून येणारी संदेशची रिकामी रिक्षा दिसली. मायाच्या रिक्षाच्या बाजूने पुढे घुसायला जागा होती. महिपतने हात उंच करून त्याला पुढे बोलावलं, एकदा, मग पुन्हा एकदा. संदेशने मायाच्या मागे ब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं.