पडद्यावरचे गाव

गोधडीत गुंडाळलेला कंप्युटरचा डबा मांडीवर घेऊन धनीबाई बोरी अरबहून यवतमाळपर्यंत बसमध्ये ताठ बसून आल्या. कंडक्टरने तो खाली ठेवायला सांगितले, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसते पाहिले.

"मावशी, बाळंतीण आणली का दवाखान्यात?" कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानातून गफ्फारने विचारले.

"तोंड कमी चालव. ह्याले ग्राफिक्स कार्ड पाह्यजे. आठ हजाराच्या आत."

डबा नातीचा, बबिताचा, तिच्या कॉलेजच्या दिवसांतला. गेल्या दिवाळीत पुण्याहून आठ दिवसांसाठी आलेली बबिता तिसऱ्याच दिवशी परतली होती. "याच्यावर माहा गेमच चालत नाही, आजी," एवढेच ती जाताना बोलली. तांड्यावरच्या त्या घरात धनीबाई एकट्याच. ते वाक्य त्यांनी वर्षभर मनात घोळवले होते. डबा सुधारला की पोर यंदा आठही दिवस राहील, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

गफ्फारने डबा उघडून आत पाहिले. "एवढ्यात नवं घेसान तं त्याच्यात दम नाही. हे जुनं चार जीबीचं घ्या. याले वेगळी वायर लागत नाही, तुमच्या डब्यातल्या पॉवर सप्लायले झेपते."

"जुनं म्हणजे राबलेलं."

"राबलेलं आहे, पण मेलेलं नाही."

धनीबाईंचे पती, कैलासवासी नेमसिंग, भरल्या गाडीला जुंपून चालवल्याखेरीज बैलाचा सौदा करत नसत.

"जुंपून दाखव," धनीबाई म्हणाल्या. "अर्धा तास."

गफ्फारने कार्ड बसवले. दुकानातल्या पडद्यावर एक गाव उमटले. दगडी घरे, विहीर, झाडांची हलती पाने. आणि पाहणाऱ्याला पुढे पुढे नेणारी वाट.

"माणसं कुठी आहेत?"

"हे तपासणीचं गाव आहे, मावशी. कार्डाले किती जोर झेपते, ते पाहाले. याच्यात माणसं नसतात." मग तो म्हणाला, "पोरीले इचारा, कोणता गेम खेळते. त्याले हे पुरते का, सांगतो."

धनीबाई फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर गेल्या.

"कायले घेऊन राह्यली, आजी?" पलीकडून बबिता म्हणाली. "मी तं खेळणं कधीचंच सोडलं. अन् यंदा एकच दिवस येणं होते. सांगणारच होती तुले." मागे कोणीतरी तिला हाक मारली. "ठेवते."

धनीबाईंनी फोन पिशवीत टाकला. मग डोक्यावरची ओढणी सारखी करून आत आल्या.

"काय म्हणते?"

"म्हणते, आजी, तुले पटते ते घे." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "झाला का अर्धा तास?"

"आठ मिनिटं राह्यले. पण कार्ड पक्कं आहे. बंद करू?"

"चालू दे. अन् हे गाव ह्याच्यातच टाकून दे."

"याच्यात खेळता येत नाही, मावशी."

"मले कुठी खेळाचं आहे."

त्यांनी स्टूल पुढे ओढले आणि त्या बसल्या. वाट तिसऱ्यांदा विहिरीला वळसा घालून निघाली. आता पुढे कोणते घर येणार, ते धनीबाईंना ठाऊक झाले होते.